सिरसाळ्याचा दीड अंश

आमच्या वन्सबाईंचं लग्न सरासरीनं मोडलं.

स्थळ तलवाड्याचं होतं. घरची बागायत, मुलगा एकुलता एक. बैठकीत मुलाचे मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या रानात एकरी वीस पोती गहू पडतो." वन्स पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बशा खाली ठेवल्या आणि विचारलं, "किती सालांची सरासरी?"

मामा म्हणाले, "सरासरी कशाची? औंदा पडलाय की!"

"मग मागल्या सालचं सांगा. त्याच्या मागल्या सालचं पण सांगा. तवर मी चहा आणते."

पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. सासऱ्यांनी घरात बोलणं टाकलं, आणि वन्सनी ते पोहे संध्याकाळी पुन्हा फोडणी देऊन खाल्ले. हे मी पाहिलेलं नाही, माझं लग्न नंतरचं. पण या घरात सून आली की तिला देवघर दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगतात, म्हणजे घरात कोण राहतं ते तिला कळावं.

वन्सचं नाव गंगासागर. सिरसाळ्याला रस्त्याला लागून आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे, ते माझे मालक शिवशंकर चालवतात. वन्स त्यांच्या थोरल्या बहीण. हे त्यांना आक्का म्हणतात आणि घाबरतात. वन्स अंबाजोगाईच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. तिथंच खोली करून राहतात, शनिवारी घरी येतात आणि सोमवारी महादेवाला पाणी घालून पहिल्या बसनं परत जातात. नाही म्हणायला एवढाच त्यांचा धर्म.

माझा मात्र सगळा दिवस महादेवाच्या हवाली असतो. दिवसभरात काय झालं ते मी दिवा लावायच्या आधी वहीत लिहून टाकते, म्हणजे देवापुढं बसल्यावर डोक्यात भांडणं येत नाहीत. नवी नवरी होते तेव्हा एकदा मी वन्सना भक्तिभावानं सांगितलं, की सोळा सोमवार केले म्हणून मला हे घर मिळालं. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "ज्या पोरींनी सोळा सोमवार करून दारुडा मिळाला, त्या तुला सांगायला आल्या का? त्यांना मोजल्याशिवाय महादेवाला पास करू नको."

त्या दिवशी मी त्यांच्या ताटातल्या भाजीत मीठच टाकलं नाही. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि शेवटी म्हणाल्या, "एका भाजीवरून मी तुझ्या हाताबद्दल मत करणार नाही, रुद्राणी." तेव्हापासून आमचं जमलं.

वन्स डॉक्टर व्हायच्या होत्या. सुई टोचायचे डॉक्टर नव्हे, पुस्तकाचे. त्यांचा विषय होता, आपल्या बीड जिल्ह्यातलं तापमान वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं. जिल्ह्यातली पाच ठिकाणं घेतली होती, त्यांत एक आमचं सिरसाळा. इथं गावाबाहेर शेतकी शाळेच्या रानात एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे, चार उंच पायांवर, झडपांच्या भिंतींची. तिच्यात तापमापक असतात. गावातले लोक तिला कबुतरखाना म्हणतात, आणि एकही कबूतर कसं येत नाही म्हणून शाळेला नावं ठेवतात. तिथला बद्रीनाथ रोज तापमान वाचून लिहितो. असं कित्येक वर्षांपासून चाललंय.

हे काम वन्सनी तरुणपणी सुरू केलं आणि चष्म्याचे नंबर वाढत गेले तरी ते संपेना. एक गाईड सर रिटायर झाले, दुसरे बदलून गेले, तिसऱ्यांना वन्सचा स्वभाव बदलायचा होता. शेवटी विद्यापीठानं कळवलं, की जूनपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नाव काढून टाकतो. त्याच्या पुढच्या वर्षी वन्सची नोकरी संपत होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

अडलं होतं कशावर, तर सिरसाळ्यावर.

मला हे सगळं रांगोळीतून कळलं. एका शनिवारी मी ओसरीवर ठिपके काढत होते. वन्स म्हणाल्या, "थांब, रेघा जोडू नको." त्यांनी बोटानं काही ठिपके पुसले, काही वर सरकवले, काही खाली. माझी रांगोळी देवी निघाल्यासारखी दिसायला लागली.

"हा एकेक ठिपका म्हणजे एकेका सालचा उन्हाळा," त्या म्हणाल्या. "एखादं साल कडक, एखादं मवाळ. एकट्या ठिपक्यावरून भांडायचं नाही." मग दुकानातली सुतळी आणली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि ठिपक्यांच्या मधून ताणली. "वर घे. थोडी खाली. बास. बघ, ही रेघ कुणाच्याच अंगावरून जात नाही, पण सगळ्यांना धरून आहे."

"म्हणजे थोरल्या जावेसारखी," मी म्हणाले. "सगळ्यांना थोडं थोडं नाराज करते."

"बरोबर. आणि जो ठिपका लांब, त्याची नाराजी तिला जास्त लागते. दुप्पट लांब असला तर चौपट."

"मग आमच्या परळीच्या चुलतसासूबाई. लांब राहतात, पण त्यांचा रुसवा सगळ्यांत महाग."

वन्स खूश झाल्या. म्हणाल्या, कॉलेजात पोरांना हे समजायला अर्धं वर्ष जातं. मी म्हणाले, त्यांना जावा नसतात.

बाकीच्या चारही ठिकाणांची सुतळी हळूहळू चढत होती. पाचव्यांदा त्यांनी सिरसाळ्याचे ठिपके मांडले. ते बाकीच्यांसारखेच चढत आले आणि मध्येच, पायरी चुकल्यासारखे, धपकन दीड अंश खाली. तिथून पुन्हा चढायला लागले, पण खालच्या पायरीवरून. सुतळी ताणली तर जवळपास आडवी.

"आणि हे फक्त उन्हाळ्यात," वन्स म्हणाल्या. "हिवाळ्यात सिरसाळा चार गावांसारखं वागतं. गाईड सर म्हणतात, काढून टाका सिरसाळा, चार ठिकाणं पुरे झाली. नाहीतर सरळ लिहा, की सिरसाळ्यात उन्हाळा वाढत नाही."

"मग लिहा की."

"कसं लिहू? कारण काय ते माहीत नाही. आणि काढू कसं? जन्मभर मी सिरसाळ्याची गंगासागर. माझ्याच पुस्तकातून माझंच गाव मी हाकलून देऊ?"

एवढ्यात हे जेवायला आले. वन्सनी यांनाच विचारलं, "शिवा, ठिपके पडले त्या साली गावात काय झालं होतं? आठव."

यांनी भाकरी मोडता मोडता विचार केला. "त्या साली? त्या साली तात्याबा मेला. त्यानं गाव थंड झालं असंल."

आम्ही सगळे हसलो. तात्याबा म्हणजे गावचे जुने पुढारी. माणूस असा तापट, की त्यांच्या वाड्यावरून जाताना कुत्रीसुद्धा शेपटी पायात घालायची. ते गेले तेव्हा गावानं तीन दिवस दुकानं बंद ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांतले दोन दिवस लोक नुसते मोकळा श्वास घेत होते.

वन्सना मात्र हसून भागणार नव्हतं. त्यांनी माझ्या त्या सालच्या वह्या मागितल्या. सापडला तर सापडला काही धागा. मी ट्रंकेतून काढून दिल्या. दुपारभर वाचून त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "रुद्राणी, तू त्या उन्हाळ्यात सोळा वेळा शेवग्याची आमटी केलीस, आणि ऊन एकदाही लिहिलं नाहीस."

"उन्हाचं काय लिहायचं? ते तर असतंच."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि वह्या परत दिल्या.

यांच्या पोटात काही राहत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता हे सांगून बसले, की आमच्या आक्काच्या हिशेबानं सिरसाळ्यात उन्हाळा वाढत नाही. ते तात्याबांच्या मुलाच्या, अमरसिंहच्या, कानावर गेलं. अमरसिंह बापासारखा तापट नाही, तो गोड बोलतो, त्यामुळं लोक जास्त जपून असतात. त्यानं परळीच्या रस्त्याला रान पाडून प्लॉट काढले होते आणि एकही विकला जात नव्हता. आठवडाभरात चौकात फ्लेक्स लागला. 'शीतल नगरी. मराठवाड्यातलं थंड हवेचं गाव. शास्त्रीय पुराव्यासह.' एका बाजूला काळा चष्मा घातलेला अमरसिंह, दुसऱ्या बाजूला आमच्या वन्स. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, त्यात त्या कुणालातरी नापास करताहेत असंच वाटतं.

वन्स शनिवारी बसमधून उतरल्या आणि त्या फ्लेक्सखाली, भर उन्हात, घाम पुसत उभ्या राहिल्या. घरी आल्या त्या लालबुंद होऊन.

"मी पुरावा? न विचारता?" त्या म्हणाल्या. "आता जर मी सिरसाळा आहे तसं लिहून दिलं, तर उद्या लोक माझ्या नावावर प्लॉट घेतील. आणि वगळलं तर तो म्हणंल, बाईंनी थंडपणा दाबून ठेवला. कारण सापडलं पाहिजे. जूनच्या आत."

आणि चैत्र तर लागला होता.

आजवर वन्स शेतकी शाळेत जायच्या त्या दिवाळीच्या सुट्टीत. उन्हाळ्यात पेपर तपासायला त्यांना अडकवून ठेवतात. त्या वर्षी त्यांनी रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "चल. भर दुपारी जाऊ. जेव्हा तापतं तेव्हाच बघू."

माझा सोमवार होता, पोटात साबुदाणा तेवढा. चालत पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं प्रत्यक्ष कैलास तरळायला लागला. बद्रीनाथनं जाळीचं फाटक उघडलं. बद्रीनाथ लई भला माणूस, डोक्याला कायम ओला टॉवेल. वन्सनी पेटीचं दार उघडून तापमापक बघितले. सोबत आणलेल्या तापमापकाशी ताडून बघितले. रंग उडालाय का, झडपा मोडल्यात का, शेजारी झाड वाढलंय का, सगळं बघितलं. काही नाही. सगळं जिथल्या तिथं.

"मॅडम, उन्हाचं आलात, आधी पाणी घ्या," बद्रीनाथ म्हणाला.

वन्सनी ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला. "आणखी दे रे." दुसराही संपवला. "आं हाहा. एवढं गार? फ्रीज आहे का काय तुमच्याकडं?"

"फ्रीज कशाला," बद्रीनाथ फुशारून म्हणाला. "जागाच तशी हाय."

"कोणती जागा?"

त्यानं वाकून तिसरा ग्लास भरला. कुठून? तर पेटीच्या खालून. चार पायांच्या मधोमध मातीचे भले थोरले माठ, त्यांना ओली पोती गुंडाळलेली. झळा लागू नयेत म्हणून पेटीच्या पायांनाही भोवतीनं ओलं तरट बांधलेलं. खाली जमीन शिंपून काळीभोर. आणि तरटावर खिळ्यानं ठोकलेला तात्याबांचा हार घातलेला फोटो, खाली 'स्मरणार्थ पाणपोई'. आमचे डोळे इतका वेळ वर पेटीवरच होते, पायांकडं कुणी बघितलंच नव्हतं.

ही पाणपोई अख्ख्या गावाला माहीत आहे. शेतकी शाळेची पाणपोई म्हणतात. पण आम्हाला पाणी मिळायचं फाटकाबाहेर, बद्रीनाथच्या हातून. पाणी प्यायला मिळाल्यावर माठ कुठं आहेत, हे कोण विचारतं? पाडव्याला मांडायचे आणि मृग लागला की उचलायचे. दिवाळीत येणाऱ्या माणसाला दिसणार काय, कप्पाळ?

वन्सना ठसका लागला. त्या ग्लास धरून तशाच खाली, ओल्या जमिनीवर बसल्या.

"बद्रीनाथ, हे इथं कावून ठेवलंस रे बाबा?"

"आता बघा," बद्रीनाथ समजावून सांगायला लागला. "साहेब मला म्हणलेते, पेटीला ऊन लागू द्यायचं न्हाई अन् वारा अडवायचा न्हाई. मी म्हणलं, माठाला तरी दुसरं काय पायजे? वर छप्पर हाय, जाळीमुळं शेरडं येत न्हाईत, कुत्री तोंड घालत न्हाईत. असली जागा पुऱ्या शिवारात न्हाई."

"कधीपासून?"

"तात्याबा गेलते ना, त्याच उन्हाळ्यापासून."

देवाशपथ सांगते, मला हसू आवरेना. उपाशी पोटी हसून कळ आली. वन्सनी माझ्याकडं बघितलं, तात्याबांच्या फोटोकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "तात्याबा मेले अन् सिरसाळा थंड झालं. शिवाचंच खरं निघालं. आता हा मरेपर्यंत मला ऐकवणार."

मला वाटलं, सुटलं कोडं. पण गाईड सर फोनवर म्हणाले, माठामुळं तापमान उतरलं हे तुमचं म्हणणं झालं, आकडा कुठंय? वन्स म्हणाल्या, सरांचं बरोबर आहे. आता माठ आठवडाभर लांब ठेवायचे, मग आठवडाभर परत पेटीखाली, मग पुन्हा लांब. आणि त्याच दिवसांतलं अंबाजोगाईचं तापमान शेजारी ठेवून बघायचं, म्हणजे ऊन कमी-जास्त झालं तरी फसायला होणार नाही.

मी कानांवर हात ठेवले. "वन्स, वैशाखाच्या तोंडावर पाणपोई मोडायची? महादेव काय म्हणंल?"

"मोडत नाही, सरकवायची. रस्त्याकडच्या लिंबाखाली."

"मग तिथं पाणी एवढं गार राहील का?"

"नाही राहणार," वन्स म्हणाल्या. निदान खोटं बोलल्या नाहीत.

पाणपोई तात्याबांची, म्हणजे परवानगी त्यांच्या घरची. आम्ही दोघी गेलो. तात्याबांच्या बायको छबुबाई बाजेवर बसून मिश्री लावत होत्या. अमरसिंह मोबाइलवर कुणालातरी प्लॉट दाखवत होता. वन्सनी सगळं सांगितल्यावर तो गोडच बोलला, पण चेहरा कडू.

"बाई, तुमी खामखा कावून मागं लागल्या? गाव थंड हाय तर राहू द्या की थंड."

"गाव थंड नाही. पेटी थंड आहे."

"पेटी गावातच हाय ना?"

"अमरसिंह, तुझ्या अंगात ताप असला अन् तापमापक बर्फात ठेवला, तर तू बरा झालास का?"

"मी कशाला आजारी पडतो?" तो म्हणाला. "अन् आमच्या वडलाचं स्मारक हाय ते. ते हलणार न्हाई."

छबुबाईंनी पिंक टाकली. "आमच्या मालकाला जित्तेपणी कुणी जागचं हलवलं न्हाई, हे खरं हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पण गंगे, मला एक सांग. त्यांच्यामुळं गाव थंड झालं म्हंतीस? जित्ते व्हते तवा तर घरात चूल पेटवायची गरज नव्हती."

मी पदर तोंडात कोंबला. वन्स मात्र गंभीर. "काकू, गाव नाही, फक्त आकडा थंड झाला. माझ्या पुस्तकात त्यांचं नाव येईल."

"काय म्हणून येईल?"

इथं गोड बोलायला पाहिजे होतं. स्मरण म्हणून, पुण्य म्हणून, काहीही. पण ज्या बाईनं गव्हाच्या पोत्यांवरून लग्न मोडलं, ती इथं काय बोलणार?

"चूक म्हणून, काकू," वन्स म्हणाल्या. "त्यांच्या नावानं झालेली चूक. केवढी झाली ते पण लिहीन."

अमरसिंह ताडकन उठला. छबुबाई मात्र वन्सकडं बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले, आणि त्या अशा हसल्या की मिश्रीचा डबा बाजेवरून खाली पडला.

"छापशील? खरंच छापशील?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जल्मभर त्यांनी एक चूक कबूल केली न्हाई बघ. सगळ्या चुका माझ्या, न्हाईतर बैलांच्या. कुणीतरी लिहिलं एकदाचं! अमऱ्या, हलव ते माठ. अन् फोटू बी ने लिंबाखाली. तिथं जरा झळा लागू दे त्यांला."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक तर ते मेले तवापासून म्हणतातच. तू गाडी काढ."

अशी पाणपोई हलली. माठ उचलायला बद्रीनाथ, आमचे हे आणि शाळेचे गडी. माठ लिंबाखाली गेले, पेटीखाली आले, परत लिंबाखाली गेले. बायका पाण्याच्या घागरी घेऊन कधी इकडं, कधी तिकडं. कुणी विचारलं की हे सांगायचे, "तात्याबा हवापालटाला निघालेत." मी गुपचूप रोज त्या माठांना हळदीकुंकू लावत होते. पाप लागायचंच असलं तर जरा कमी लागावं.

शेवटची फेरी चालू असताना आभाळ भरून आलं. वन्सचा चेहरा उतरला. वळीव कोसळला असता तर सगळीच मोजणी ओली झाली असती आणि परत करायला दिवस राहिले नसते. सगळं गाव महादेवाला म्हणत होतं, बरस रे बाबा. मी एकटी गाभाऱ्यात बसून म्हणत होते, जरा थांब. महादेवाची तरी काय अवस्था! पण आभाळ परळीकडं सरकलं आणि तिकडं कोसळलं. मी वन्सना म्हणाले, "बघा, ऐकलं त्यानं." त्या म्हणाल्या, "परळीच्या बायकांनी उलटं मागितलं असंल, त्यांचं पण ऐकलं. त्याला सगळेच मार्क." तरी त्या सोमवारी त्यांनी पिंडीवर एक तांब्या जास्त घातला. मी पाहिलं.

मग त्या आमच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या. त्यांनी मला दाखवलं, की गणितात आता 'माठ' नावाचा एक खाना केलाय. माठ पेटीखाली असला तर एक, नसला तर शून्य. तो खाना माठाचा वाटा वेगळा काढतो आणि बाकी उरतं ते खरं ऊन. माठाचा वाटा निघाला, दीड अंशाला जरा कमी.

"आता सिरसाळ्याची सुतळी ओढते," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

मी वाट बघत होते त्या ओरडतील म्हणून. त्या पडद्याजवळ वाकल्या. पडद्यावर पाच रेघा होत्या. चार चढणाऱ्या, आणि पाचवी त्यांच्याही वरून, जास्त उभी. तीच सिरसाळ्याची.

"सापडलं ना? मग तोंड असं कावून?"

वन्सनी चष्मा काढून पदरानं पुसला. "रुद्राणी, खरं सांगू? मनातून मला वाटत होतं, आपलं गाव वाचलंय. काहीतरी चांगलं कारण निघंल. तळं असंल, झाडं असतील. पाचांत सगळ्यात जास्त आपणच तापतोय गं."

मी खाली जाऊन त्यांना ताक आणून दिलं. त्यांनी ते पिता पिता पहिलं पान लिहायला घेतलं.

जूनमध्ये प्रबंध वेळेत गेला. सिरसाळ्यासकट. आत तात्याबांच्या पाणपोईचा फोटोसुद्धा आहे. छबुबाईंना मी तो दाखवला, तेव्हा त्यांनी विचारलं, 'चूक' हा शब्द कुठं आहे? मी म्हणाले, इंग्रजीत आहे. त्यांनी त्या जागी बोट ठेवायला लावलं आणि पानावर हळद-कुंकू लावायला सांगितलं.

अमरसिंहनं शीतल नगरीचा फ्लेक्स उतरवला. दुसऱ्या आठवड्यात नवा लागला. 'सूर्य नगरी. जिल्ह्यातलं सगळ्यात कडक ऊन. सोलरसाठी उत्तम प्लॉट. शास्त्रीय पुराव्यासह.' फोटो तोच. या वेळी वन्सनी बघितलं आणि म्हणाल्या, "निदान खरं तरी लिहिलंय." मग चौकातल्या पोराला बोलावून स्वतःच्या फोटोवर मात्र त्याच्याकडून कागद चिकटवून घेतला.

पुढच्या चैत्रात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी सगळं सोडून माठाचंच विचारलं म्हणे, आणि शेवटी, अशी आणखी कुठं पाणपोई असेल हो? म्हणून घाबरून स्वतःच्याच कागदांकडं बघत बसले. वन्स डॉक्टर झाल्या. पेढे घेऊन सोमवारी घरी आल्या, तर दुकानापुढं गावातल्या गीताबाई डोक्यावर पदर ओढून उभ्याच.

"डॉक्टरीणबाई, ते माठ परत पेटीखाली ठिवा की वं," गीताबाई म्हणाल्या. "तुमी काढल्यापासून लई तापतंय."

"अहो, माठांनी गाव थंड होत नव्हतं. पेटी थंड होत होती."

"तेच म्हंते मी. थंड व्हतं ना?"

वन्सनी दुकानातली सुतळी हातात घेतली, गीताबाईंकडं बघितलं, आणि सुतळी परत ठेवून त्यांच्या हातात पेढा दिला. हे गल्ल्यावरून म्हणाले, "आक्का, गाव तापवलंत तुमी. मी आधीच म्हणलतो, तात्याबाला हलवू नका."

मग आम्ही दोघी महादेवाला गेलो. गाभाऱ्यात शिरल्यावर जिवाला बरं वाटलं. पिंडीवर उन्हाळ्याची गळती टांगलेली, तांब्याच्या भांड्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. दगड ओला, अंधार ओला. मी पेढा ठेवला, डोळे मिटले आणि मनापासून आभार मानायला लागले, तर शेजारून हळूच आवाज आला.

"रुद्राणी, इथं किती असंल गं?"

"वन्स!"

"नाही म्हणजे, ती पेटी जर इथं ठेवली, तर परळी तालुक्यात कैलास सापडंल."

"देवाला तरी सोडा हो," मी म्हणाले, पण आभार अर्ध्यावर राहिले ते राहिलेच, हसू आलं. वन्सनी वाकून नमस्कार केला, जरा जास्त वेळ. आम्ही बाहेर आलो. चपला पार फाटकापाशी, आणि मधली फरशी तव्यासारखी तापलेली. पहिलं पाऊल टाकलं तसे वन्सनी दोन्ही हातांनी पदर आवरला, म्हणाल्या, "आता माठ नाही मध्ये, पळ!" आणि एक डॉक्टर आणि एक मी, अशा आम्ही चवड्यांवर उड्या मारत फाटकाकडं सुटलो.